परक्या भाषेतला होकार

गेल्या नोव्हेंबर महिन्याच्या तीन तारखेला, मंगळवारी सकाळी, परदेशातील एका स्पॅनिश भाषाशाळेच्या बैठकीत असे नोंदवले गेले की, आपल्या मिशनच्या पाळकांच्या पत्नीने डोंगरावरील ठाण्यावर जाण्यास आनंदाने संमती दिली आहे. ही नोंद खोटी नाही, आणि तक्रार नेमकी त्याचीच आहे. बाईंनी 'हो' म्हटले होते. 'हो' आणि 'आभारी आहे' यांखेरीज त्या सकाळी त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही, आणि त्या खोलीत बसलेल्या एकालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

ज्यांनी या बाईंना मायदेशातल्या प्रसूतिगृहात पाहिले आहे, त्यांना हे वाचून आधी हसू येईल. अर्धे आयुष्य त्यांनी तिथे काढले. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. पाठीमागे मात्र त्यांचे नाव 'भोंगा' होते आणि ते त्यांना ठाऊक होते. कळांनी बेजार झालेल्या बाईच्या कमरेवर तळहात दाबून धरायचा आणि तोंडाचा पट्टा सोडायचा, ही त्यांची काम करण्याची रीत.

"काय गं, नवऱ्याला शिव्या द्याव्याशा वाटतायत? दे की! बाहेर बसलाय, त्याला ऐकू जायचं नाही. गेलं तर उत्तमच."

ऐन कळेत ती बाई फिसकन हसायची, आणि हसता हसता तिचे आवळलेले अंग सैल पडायचे. डॉक्टरीणबाई म्हणत, "सिस्टर, या वॉर्डातलं अर्धं औषध म्हणजे तुमची जीभ." त्यावर सिस्टर विचारत, "मग उरलेलं अर्धं कुठे ठेवलंत? कपाट तर रिकामंच दिसतंय."

घरीही तोच खाक्या. पाळक स्वभावाने सौम्य, तोलूनमापून बोलणारे. उपासनेहून परतताना सिस्टर म्हणायच्या, "अहो, आजच्या प्रवचनात शेवटच्या बाकावरचे आजोबा झोपले, उठले आणि पुन्हा झोपले." पाळक म्हणायचे, "अगं, मधे उठले ना? मग तेवढं तरी ऐकलं असेल." असा त्यांचा संसार. भांडण कुठे संपते आणि थट्टा कुठे सुरू होते, हे शेजाऱ्यांना कधी कळले नाही.

लेक लग्न होऊन आपल्या घरी गेली, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या देशात सेवेला जाण्याची पाळकांची जुनी ओढ पुन्हा वर आली. सिस्टर तयार झाल्या, पण एका अटीवर. "तुमच्यामागे नुसती पिशवी धरून मी यायची नाही. माझ्या हातांना तिथे काम पाहिजे." मिशनच्या सचिवांनी भरल्या सभेत शब्द दिला की तिथे किनाऱ्यावरच्या गावात आपले प्रसूतिगृह आहे, भाषा शिकून झाली की सिस्टर तिथेच रुजू होतील. त्या शब्दावर विसंबून सिस्टरनी नोकरी सोडली.

भाषाशाळेत एक शिरस्ता होता. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक जोडप्याने प्रार्थनेत उभे राहून देवाच्या साक्षीने शब्द द्यायचा की परीक्षा होईपर्यंत घराच्या उंबरठ्याच्या आत मायबोली बोलणार नाही, आणि एकमेकांशी तर बाहेरही नाही. इतर जोडप्यांनी हा शब्द डॉक्टरने सांगितलेल्या पथ्यासारखा घेतला. चार दिवस पाळला आणि सोडून दिला. या दोघांनी मात्र तो खरा धरला. देवाला दिलेला शब्द मोडू नये, हे त्यांनी आयुष्यभर इतरांना शिकवले होते. आता आपल्याच शिकवणुकीत ते पुरते सापडले.

त्यांच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर होत्या, आणि खाली घरमालकिणीचे शिवणकामाचे दुकान होते. दुपारी शाळेतून परतल्यावर शिवणयंत्राची घरघर फरशीतून हळूहळू पायांत चढे. पडद्यातून पिवळसर उजेड आत झिरपे, आणि त्या उजेडात खुर्ची, मेज, पाण्याचा जग अशा सगळ्या वस्तू जमिनीपासून किंचित वर तरंगत असल्यासारख्या दिसत. प्रत्येकीला आता नवे नाव होते. सिस्टर ते आठवू पाहत, आणि ते तळ्यातल्या माशासारखे बोटांना लागून निसटून जाई. मग त्या पाण्याच्या जगाकडे नुसत्याच बघत राहत, आणि जग त्यांच्याकडे. दोघांनाही एकमेकांचे नाव आठवत नसे.

जेवणाच्या मेजावर पाळक परक्या भाषेत विचारत, "मीठ?"

"मीठ. आभारी आहे."

"आज ऊन."

"हो. ऊन."

एवढे झाले की चमच्यांचा आवाज. पाळकांची प्रगती चांगली होती. त्यांच्याजवळ वाक्ये साठू लागली होती. सिस्टरांजवळ मीठ होते, दार होते, चादर होती, 'उद्या' होता. एवढ्या सामानात थट्टा करता येत नाही, तक्रारही करता येत नाही. थट्टा आणि तक्रार दोन्ही गेल्यावर जे उरते त्याला जगात सौजन्य म्हणतात. सिस्टर सौजन्यशील झाल्या. शाळेत त्यांचे कौतुक होऊ लागले.

एका दुपारी जिना चढताना खालच्या दुकानातले बोलणे त्यांच्या कानावर आले. घरमालकीण पाळकांना म्हणत होती, "तुमची बायको किती गोड! किती शांत!"

"हो," पाळक कौतुकाने म्हणाले, "माझी बायको शांत आहे."

सिस्टरना शब्द न् शब्द कळला. त्या तिथेच पायरीवर बसल्या. क्षणभर त्यांना खरोखरच वाटले की या घरात आणखी एक बाई राहते, अलगद पावलांची, हलक्या आवाजाची; आपली आणि तिची अजून गाठ पडलेली नाही इतकेच.

त्याच सुमारास त्यांना दुपारच्या डुलकीत स्वप्ने पडू लागली. एकदा त्या प्रसूतिगृहात होत्या आणि कळा देणारी बाई त्यांचा हात धरून म्हणत होती, "सिस्टर, बोला ना काहीतरी." त्यांनी तोंड उघडले तर आतून पांढरा दोरा निघू लागला, वावभर, दोन वाव, संपेचना, आणि ती बाई तो भराभरा गुंडाळीत म्हणत होती, "आभारी आहे, आभारी आहे." दुसऱ्या एका स्वप्नात त्यांच्या हातून जन्मलेली सगळी बाळे पाळण्यांच्या लांबच लांब रांगांत पडून आपापसांत गप्पा मारत होती. त्यांची भाषा सिस्टरना पूर्णपणे समजत होती. एक बाळ विनोद सांगत होते, बाकीची खिदळत होती. सिस्टर काचेबाहेर उभ्या होत्या. आत शिरून तोंड घालावे, असे त्यांना फार वाटत होते; पण काचेला दारच नव्हते. जाग आली तेव्हा खालचे यंत्र थांबले होते, आणि ओठांवर त्या परक्या भाषेतला 'सी', म्हणजे होकार, आपोआप आला होता. कोणी काही विचारलेलेही नव्हते.

अशा अवस्थेत त्या तीन नोव्हेंबरच्या बैठकीला गेल्या. खोलीत चौघे होते: शाळेच्या मुख्याध्यापिका, मायदेशाहून आलेले सचिव, पाळक आणि सिस्टर. चौघांपैकी तिघांची मायबोली एकच. बैठक घराच्या उंबरठ्याबाहेर होती आणि बोलायचे होते सचिवांशी, म्हणजे प्रतिज्ञेचाही अडसर नव्हता. तरीही मुख्याध्यापिकेसमोर आपली विद्या झळकावी म्हणून सचिवांनी अडखळत अडखळत स्पॅनिश चालवले, आणि पाळकांनी शिष्टाचार म्हणून त्याच भाषेत उत्तरे दिली. डोंगरावरच्या ठाण्याचे पाळक मायदेशी परतले होते. ती जागा भरायची होती. तिथे प्रार्थनाघर होते, दवाखाना नव्हता. एवढे सांगून सचिव सिस्टरांकडे वळले आणि त्यांनी विचारले, "तुम्ही समाधानी?"

सिस्टरना सगळे कळले होते. आतल्या आत मायबोलीतले उत्तर टोमण्यासकट उभे होते. बाहेर मात्र मीठ होते, दार होते, चादर होती. 'नाही' म्हणता आले असते. तो शब्द पहिल्याच दिवशी शिकवला होता. पण 'नाही' म्हटले की त्याच्यामागून 'का' येतो, आणि त्या 'का'ला पुरे पडेल असे एकही वाक्य त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी पाळकांकडे पाहिले. पाठ केलेली कविता म्हणणाऱ्या मुलाला धीर द्यावा तसे पाळक हसले.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "आभारी आहे."

पुढच्या रविवारी नणंदेचा फोन आला. मायबोली बोलायची म्हणून सिस्टर नेहमीसारख्या उंबरठ्याबाहेर जिन्यात जाऊन बसल्या.

"वहिनी, मिशनच्या पत्रिकेत झळकलीस की! आनंदाने संमती म्हणे. डोंगरावर कुणाची बाळंतपणं करणार? शेळ्यांची?"

"आलंय का छापून? बरं."

"बरं काय? शेळ्या म्हटलं मी तुला! एवढा टोमणा फुकट घालवलास? मूग गिळलेस का?"

"सापडत नाही गं."

"काय सापडत नाही?"

"उत्तर. पूर्वी जिभेवरच असायचं."

नणंदेने थट्टा सोडली. "दादाला सांगितलंस, जायचं नाही म्हणून?"

"घरात आपली भाषा बोलायची नाही, यांच्याशी तर कुठेच नाही. देवाला शब्द दिलाय."

"का? देवाला आपली भाषा येत नाही होय? उठ, आत जा आणि बोल. पाप लागलंच तर निम्मं माझ्या नावावर."

सिस्टर आत गेल्या. पाळक मेजाशी बसून बटाटे सोलत होते.

"अहो," सिस्टर म्हणाल्या.

कितीतरी महिन्यांनी त्या खोलीने हा शब्द ऐकला. पाळकांचा हात थांबला.

"अहो, मी 'हो' म्हटलं, कारण मला तेवढंच येत होतं. मला डोंगरावर यायचं नाही. तुम्हाला तिथे प्रार्थनाघर मिळेल. मला काय मिळेल? खिडकी? तिच्यात बसून मी ढग मोजू? परत घरी न्या असंही म्हणत नाही मी. जिथे बायका बाळंत होतात तिथे मला न्या. आणि त्या शिंपिणीला तुम्ही काय सांगितलंत? मी शांत आहे? मी? मेल्यावरही ही तासभर बोलेल, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

पाळकांनी उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि बाहेर आले ते स्पॅनिश. "पण तू समाधानी होतीस," ते त्या भाषेत म्हणाले. आपलेच बोलणे त्यांच्या कानी पडले. त्यांनी सुरी खाली ठेवली. आपली भाषा त्यांना हाक मारून बोलवावी लागली. ती आतल्या कुठल्याशा खोलीतून, झोपेतून उठल्यासारखी आली.

"अगं... मला वाटलं, तू बदललीस. देवानं तुला शांती दिली, असं वाटलं मला."

"देवानं काही दिलं नाही. शाळेनं बूच मारलंय."

पाळक हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग दोघे बोलत बसले. उजेड मेजावरून भिंतीवर गेला, भिंतीवरून छताला लागला. सोललेले बटाटे काळे पडले. आणि खोलीतल्या वस्तू एकेक करून आपल्या जुन्या नावांवर टेकल्या.

दुसऱ्या दिवशी शब्द मोडल्याची कबुली द्यायला ते मुख्याध्यापिकेकडे गेले. त्या थक्क झाल्या. "म्हणजे तुम्ही इतके दिवस पाळत होतात?" त्यांनी विचारले. "कोणीच पाळत नाही हो!"

पाळकांनी सचिवांना फोन केला. या वेळी मायबोलीत. पत्नीला डोंगरावर जायचे नाही आणि तिला सोडून आपण जाणार नाही, किनाऱ्यावरच्या प्रसूतिगृहाचा शब्द पाळावा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सचिवांचे उत्तर असे: "पाळकसाहेब, बाईंचा होकार मी माझ्या कानांनी ऐकलाय. आता सभेनं मान्यता दिली की विषय संपला. देवाचं काम आहे, मागे कसं वळणार?"

किनाऱ्यावरच्या प्रसूतिगृहात सिस्टरांची जागा आजही रिकामी आहे. ती त्यांना मिळेल की त्यांना उरलेले आयुष्य डोंगरावरच्या खिडकीत काढावे लागेल, हे पुढच्या महिन्यातल्या वार्षिक सभेत ठरेल. आणि ती सभा सचिवांची नाही, मंडळ्यांतून येणाऱ्या आपणा सर्वांची आहे. दरवर्षी ठराव वाचला जातो, चहाची वेळ झालेली असते, आणि आपण हात वर करतो. या वर्षी तसे करू नका. ठराव पुढे आला की उभे राहा, भरल्या सभेतून सिस्टरना फोन लावायला लावा, त्यांना आपल्या भाषेत प्रश्न विचारा, आणि त्या थांबेपर्यंत ऐका. हात वर करायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.