सातव्या ओळीखालची टिंबं

माझे बाबा आष्टीजवळच्या एका खेड्यात गणित शिकवत. मुलाचं उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर ते कधीच लिहून देत नसत. चुकलेल्या आकड्याखाली एक टिंब देऊन पाटी परत करायचे. पुढचं तुमचं तुम्ही पाहा. लहानपणी मला त्या टिंबाचा भयंकर राग यायचा.

त्यांचा एक लाडका आकडा होता, एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. १४२८५७. एकाला सातानं भागायला बसलं की हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. त्याची दुप्पट करा, २८५७१४. तिप्पट करा, ४२८५७१. सहापटीपर्यंत तेच अंक त्याच क्रमानं फिरतात, फक्त सुरुवात दुसरीकडून होते. आणि सातपट केली की एकदम सहा नऊ! हे फळ्यावर करून दाखवताना बाबा स्वतःच इतके खूश व्हायचे की वर्गाला हसू यायचं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी वर्ध्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला होते, तेव्हा बाबांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. मी घरी पोचले तर आई दारातच म्हणाली, "नुसते आढ्याकडे पाह्यत राह्यतात. मले वळखतात का नाई, तेई समजत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यापुढे पाटी धरली आणि तो आकडा, त्याची दुप्पट, तिप्पट लिहू लागले. लिहिताना मी त्यांच्याच तोंडाकडे पाहत होते. तिपटीच्या शेवटी एकाऐवजी चार पडला. बाबांनी डाव्या हातानं माझी पेन्सिल ओढून घेतली आणि त्या चाराखाली टिंब दिलं. वेडंवाकडं, पण बरोबर जागी. मी रडले, आणि खोटं कशाला सांगू, सवयीनं जरा चिडलेही. आई कितीतरी वेळ त्या पाटीकडे पाहत राहिली. ती शाळेत गेलेली नव्हती. अंक तेवढे ओळखायची. गावाला शिकवणाऱ्या बाबांनी तिच्या हाती कधी पाटी दिली नव्हती, आणि तिनंही ती कधी मागितली नव्हती.

मग मी दिवाळीलाच घरी आले. बाबांच्या खाटेशी आई पाटी घेऊन बसली होती. सहाही ओळी बरोबर! गुणाकार तिला येत नव्हता, पण या आकड्याला तो लागतोच कुठे? दर ओळीची सुरुवात त्यातल्याच पुढच्या मोठ्या अंकानं करायची आणि त्याच्या आधीचे अंक उचलून मागे नेले की झालं. सातव्या ओळीत मात्र तिनं पुन्हा १४२८५७ लिहिलं होतं, आणि बाबा त्याखाली एकेक टिंब देत होते. सहा टिंबं द्यायला त्यांना फार वेळ लागला.

न राहवून मी म्हणाले, "आई, तिथं ना, सगळे..."

"तू नोको सांगू," तिनं मला हातानं गप्प केलं. "ते सांगून राह्यले ना मले."