समितीपुढे भरलेली ओटी
संत्रं सोलताना नखात राहतो तो कडवट वास मला अजून त्या हिवाळ्यातल्या सरकारी सभागृहात नेऊन बसवतो. हुंड्याचा कायदा कडक करायचा म्हणून खासदारांची समिती लोकांचं म्हणणं ऐकायला नागपूरला आली होती, आणि कुहीकडच्या आमच्या गावाहून आई मला घेऊन एसटीने आली होती, कारण हुंड्यापायी सासरी जळून मेलेल्या माझ्या ताईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. वकील कलमांवर बोलत होते, लघुलेखकाची पेन्सिल सरसर चालली होती, हिरव्या कापडाच्या टेबलावर ऊन आलं होतं. आईची बोलायची पाळी आली तेव्हा समितीतल्या तरुण बाईंनी विचारलं, “नव्या कायद्यात काय असावं?” आई म्हणाली, “पोरगी म्हणे, आई, मले परत सासरी नको धाडू. मीच समजूत घालून धाडली. मायबापाले पोरगी परत धाडताच येणार नाही, असं लिवता येते का वं बाई?” पेन्सिल थांबली. मग आईने पिशवीतून घरचे तांदूळ आणि संत्री काढली. कारकून धावला, “इथं काही देता येत नाही!” “तुले नाही देऊन राहिली गा. लेकीची ओटी भरून राहिली,” आई म्हणाली, आणि त्या बाईंनी उठून पदर पसरला. कायदा पुढे झाला, आईचं म्हणणं त्यात कुठे आलं नाही, आता आईही नाही. मला मात्र त्या बाईंचा पसरलेला पदर आठवतो, कारण ताई शेवटची सासरी निघाली तेव्हा आई अशीच ओटी भरायला संत्री घेऊन उभी होती, आणि ताईने पदर पुढे केला नव्हता.