पिंपळवंडीचं माहेर

निर्मलाचा जन्म पिंपळवंडीत झाला, तो काही कुणी ठरवून नाही. एक्क्याण्णव सालची दिवाळी नुकतीच सरली होती आणि जानकूचा वाडा माळशेजच्या वाटेला लागला होता. धनगरांचा वाडा म्हणजे विटामातीचं घर नव्हे. मेंढरं, ओझ्याची दोन घोडी, कुत्री, कोंबड्यांची डालगी आणि त्यांच्या मागं चालणारी तीन-चार बिऱ्हाडं, एवढं मिळून वाडा. पावसाळा सरला की बोरी बुद्रुकहून निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि उन्हाळा संपताना परत फिरायचं. वाटेत शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे. रानाला लेंडीखत मिळायचं, वाड्याला बाजरी.

त्या साली वाडा पिंपळवंडीच्या धर्माजी शेतकऱ्याच्या वावरात उतरला होता. जानकूची बायको बानूबाई पोटुशी होती, पण दिवस भरायला अवकाश आहे असं तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं. सकाळी चूल पेटवता पेटवता ती खाली बसली ती उठेचना. धर्माजीची बायको बयाबाई विहिरीवर आली होती. तिनं लांबूनच ओळखलं, आणि हात धरून बानूबाईला आपल्या पडवीत नेलं. ऊन डोक्यावर यायच्या आत मुलगी झाली.

मेंढरं काही थांबत नाहीत. जानकू दोन दिवस घुटमळला, मग धर्माजीच म्हणाला, "तुमी व्हा फुडं. बाई ऱ्हाईल हितं. आमाला काय जड न्हाई."

बानूबाईला लाजल्यासारखं झालं. बाळंतपण माहेरी व्हायचं. थोरला हनुमंत तिच्या माहेरी, धामणीला झाला होता. इथं ती परक्या जातीच्या, परक्या घरात पडली होती. पाचवीच्या दिवशी बयाबाईनं पाटा-वरवंटा धुऊन मांडला, हळदकुंकू घेतलं आणि मग थांबून विचारलं, "तुमच्यात कसं करत्यात गं?"

"असंच," बानूबाई म्हणाली. "पर वाड्यावर पाटा कुठला? एखादा गुळगुळीत दगूड घेतो आमी."

बयाबाई उठली, बांधावरून एक गुळगुळीत दगड घेऊन आली आणि पाट्याशेजारी ठेवला. दोन्हीला हळद लागली. पोरीच्या नशिबात काय लिहायचं ते लिहायला सटवाईला दोन घरचे दगड मिळाले म्हणून बायका हसल्या. बारसं झालं, आणि बानूबाई निघाली तेव्हा धर्माजीनं लुगडं पुढं केलं. त्याला सख्खी बहीण नव्हती. तो म्हणाला, "बाळंतपण केलं म्हंजी ह्ये माहेर झालं. आता दरसाल यायचं."

म्हणायला लोक काहीही म्हणतात, पण धर्माजीनं ते पाळलं. दरवर्षी वाडा त्याच्या रानात उतरला की बानूबाई त्याला ओवाळायची. त्यांची भाऊबीज पंचांगात नसायची. मेंढरं येतील तो दिवस. तिकडून लुगडं यायचं, कधी गूळ, कधी शेंगांची पाटी. इकडून एखादं घोंगडं जायचं, बयाबाईच्या गुडघ्यांसाठी मेंढीचं तूप जायचं. कुणी कुणाचं फेडत नव्हतं. फेडलं असतं तर येणंजाणंच थांबलं असतं, एवढं दोघांनाही न बोलता कळत होतं.

तरी बानूबाईच्या मनात खरं माहेर धामणीचंच होतं. तिथं तिचा धाकटा भाऊ बहिरू होता. त्याला तिनं कडेवर वाढवलं होतं. बहिरूची मुलगी भागू जन्मली तेव्हाच ठरून गेलं होतं की ही आत्याच्या घरी जाणार. त्यात ठरवण्यासारखं तरी काय होतं? चुलत्याची मुलगी ती बहीण, मामाची मुलगी ती बायको, हे पोरांना चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. हनुमंत मामाकडं गेला की म्हाताऱ्या त्याला भागूवरून चिडवायच्या. तोही लाजायचा.

मधल्या काळात दिवस बदलले. रानोमाळ ऊस आणि टोमॅटो झाला, पड रान उरलं नाही, उसातला बिबट्या मेंढरं उचलायला लागला. जानकूनं हळूहळू कळप कमी केला आणि बोरीची जमीन धरली. हनुमंत नारायणगावच्या बाजारात टेम्पो चालवू लागला. भागू बारावी होऊन मंचरला नर्सिंग शिकायला लागली. आणि दोन हजार आठच्या उन्हाळ्यात बहिरूनं निरोप धाडला, आता बार उडवून टाकू.

त्याच आठवड्यात भागू एसटीनं एकटीच बोरीला आली. बानूबाई परड्यात शेण सारवत होती. भागू तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि तिच्यासारखीच सारवायला लागली. हात भरल्यावर म्हणाली, "आत्या, मला हनुमंताशी लग्न न्हाई करायचं."

"का गं? त्यात काय वाईट हाय?"

"काय वाईट न्हाई. म्हणूनच. मी त्याला भाऊच मानत आले. लहानपणी एका ताटात जेवलो आमी. दादांना सांगितलं तर माझं शिकणंच बंद करतील. तू न्हाई म्हण."

बानूबाईनं हात थांबवले. तिला मुलीचा राग आला नाही, नवल वाटलं. जे नातं जन्माच्या आधीपासून ठरलेलं, ते ह्या पोरीनं एका ताटावरून मोडीत काढलं होतं. आणि मग तिच्या मनात आलं, आपण तरी पिंपळवंडीला काय केलं? तिथलं नातं कुणी ठरवलं होतं? ते एका पडवीवरूनच झालं होतं.

हनुमंताला तिनं विचारलं. तो म्हणाला, "तिची मर्जी नसंल तर नको." त्याला वाईट वाटलेलं तिला दिसलं.

बहिरूला तिनं स्वतः जाऊन सांगितलं, पोरगी चांगली आहे, पण आमच्या मनात नाही. भागूचं नाव घेतलं नाही. बहिरू ऐकत राहिला. मग उठून उभा राहिला.

"माझी पोर तुझ्या उंबऱ्याला कमी पडली व्हय? ठीक हाय. आजपासनं तुला भाऊ न्हाई आन धामणीला येऊ नगंस."

भागू दाराच्या आड उभी होती. बानूबाईनं तिच्याकडं पाहिलं सुद्धा नाही, चपला घातल्या आणि एसटीच्या थांब्यावर येऊन बसली. गाडी यायला उशीर होता. ती रडली, पण आपण भागूचं नाव सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं तिला एकदाही वाटलं नाही.

पुढच्याच वर्षी निर्मलाचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन जानकू धामणीला गेला, बहिरूनं ती हातात घेतली नाही. आता मामा कोण? मुलीला हाताला धरून मांडवात आणायचं, अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे मामाचं काम. बानूबाई पिंपळवंडीला गेली. धर्माजी ऐकून म्हणाला, "यात विचारायचं काय? माझ्या पडवीत जन्मली ती."

पण जानकूची थोरली बहीण साळुबाई लग्नाच्या दिवशी कमरेला पदर खोचून उभी राहिली. "दुसऱ्या जातीचा मामा? त्याचं देवक कोन्तं, आपलं कोन्तं! असं कधी झालंय का?"

देवक ही कुळाची खूण. एका देवकाची माणसं भाऊभाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही, आणि ते देवक बसल्याशिवाय लग्नही लागत नाही. चार माणसं जमली, आवाज चढले. धर्माजी आहेराचं गाठोडं घेऊन बाजूला उभा होता. त्याच्या भावकीनंही आदल्या दिवशी त्याला असंच ऐकवलं होतं, हे बानूबाईला बयाबाईकडून कळलं होतं.

नवरदेवाकडचा वडीलधारा हौशीराम निवांत तंबाखू मळत बसला होता. शेवटी सगळे त्याच्याकडं वळले. तो म्हणाला, "देवकाला हात घरच्यांनीच लावायचा. तिथं पावण्यांनी येऊ नये. पर पोरीच्या पाठीशी कोण उभं ऱ्हायचं, त्ये पोरीच्या आईला इचारा. आमची काय हरकत न्हाई."

बानूबाईनं धर्माजीकडं पाहिलं. देवकापाशी यायचं नाही, हे त्याच्या तोंडावर सांगितलं गेलं होतं. तो राग मानून निघून जाईल असं तिला क्षणभर वाटलं. त्यानं गाठोडं बयाबाईकडं दिलं, पागोटं नीट केलं आणि म्हणाला, "बरूबर हाय. आमच्यातबी तसंच असतं."

देवक बसलं तेव्हा तो बाहेर पोरांबरोबर खुर्च्या लावत होता. स्पीकरवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं," तेव्हा तो आला. साळुबाईनं तोंड फिरवलं, पण अक्षता तिनंही टाकल्या.

लग्नानंतर दोन महिन्यांनी बहिरू बोरीला आला. भागूला मंचरच्याच दवाखान्यात नोकरी लागली होती, आणि पहिल्याच दिवशी घरी येऊन तिनं बापाला खरं काय ते सांगून टाकलं होतं. बहिरू ओट्यावर बसला, पाणी प्याला, मान वर करेना.

"तू बोलली का न्हाईस, आक्का?"

"बोलून काय झालं असतं? मी एकदा ऐकून घरला आले. तिला तुझ्याच घरात ऱ्हायचं व्हतं."

मग तो म्हणाला, "त्या पावण्यांकडं ने मला."

हनुमंतानं दोघांना टेम्पोतून पिंपळवंडीला सोडलं. बयाबाईनं चहा ठेवला. दोघं पुरुष पडवीत समोरासमोर बसले. बहिरूनं पिशवीतून टॉवेल-टोपी काढली, धर्माजीच्या हातात दिली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "माझ्या जागी उभं ऱ्हायलात."

धर्माजीनं टोपी डोक्यावर नीट बसवली. "तुमच्या जागी न्हाई," तो म्हणाला. "तुमची जागा तशीच हाय. मी माझ्या जागी व्हतो."

बानूबाई चुलीपाशी होती. बयाबाईनं तिला कपबश्या धरायला दिल्या आणि हळूच विचारलं, "तुझा भाऊ चहात साखर किती घेतो गं?"

"कोन्ता भाऊ?" बानूबाई म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या.