बोर्गहिल आणि बुटांचं बाकडं

बोर्गहिलनं माझं जेवढं डोकं खाल्लंय, तेवढं या बेटावरच्या सगळ्या रोग्यांनी मिळून खाल्लं नसेल. आमच्या दवाखान्यात ती सत्तावीस वर्षं नोंदणीच्या खिडकीशी बसते. खिडकीसमोर एक बाकडं आहे. नॉर्वेच्या या टोकाला घर काय नि दवाखाना काय, बूट घालून आत कोणी येत नाही. बाकड्यावर बसून काढायचे, जाताना तिथेच घालायचे. रोगी माझ्यापर्यंत पोचायच्या आधी बोर्गहिलची चिठ्ठी पोचायची. 'डावा बूट काढताना कण्हली.' 'नाडी न सोडताच ओढला, घाईत आहे, अर्धंच सांगेल.' मी सहा वर्षं घासून डॉक्टर झाले आणि ही मला बुटांवरून रोग सांगणार. चिठ्ठ्या मी केराच्या टोपलीत टाकायचे.

मग रोग्यांना फोनच्या व्हिडिओवर तपासणं आलं. मीच आणलं. बाहेरच्या बेटांवरच्या म्हाताऱ्यांनी खवळलेल्या समुद्रातून बोटीनं यायचं आणि पाच मिनिटांत परत फिरायचं, हे बघवत नव्हतं. पण पहिल्याच महिन्यात नाकी नऊ आले. कोणाचं नुसतं कपाळ दिसे, कोणाच्या छताचा दिवा. एका आजींनी माझ्यासाठी कॉफीचा कप भरून फोनसमोर ठेवला आणि ती गार होईपर्यंत दुखण्याचं नाव काढलं नाही. बोर्गहिल रिकाम्या बाकड्यासमोर बसून राहायची आणि प्रत्येक रोग्यानंतर विचारायची, "बूट कसे घातले?"

"व्हिडिओत बूट दिसत नाहीत, बोर्गहिल."

"मग दिसतं काय?"

नोव्हेंबरात स्वेरेची पाळी आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मासेमार, बाहेरच्या बेटावर एकटा राहणारा. दाढी केलेली, ठेवणीतला स्वेटर, खुर्चीत ताठ. दम लागतो का? "नाही." पाय सुजतात का? "तसं काही नाही." आमच्या माणसांचा पाय मोडला तरी 'तसं काही नाही'च असतं. रक्तदाब त्यानं घरीच मोजून सांगितला, तो ठीक होता. मी फोन बंद केला.

बोर्गहिल दारात उभी. "बूट घालायला लावलेत त्याला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का लावू?"

"एप्रिलात नाडी बांधताना तो दोनदा थांबला होता. चिठ्ठी दिली होती तुम्हाला."

मी खुर्चीतून उठले. ती माझ्याच खुर्चीत बसली आणि तिनं त्याला परत फोन लावला.

"स्वेरे, फोन जमिनीवर ठेव आणि बूट घाल."

"कशाला? मला कुठं जायचंय?"

"मला बघायचंय."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. घाल."

पडद्यावर दोन पाय आले. मोज्यांच्या काठाशी खोल वळ उमटले होते. बूट घोट्याशीच अडला. तो वाकला, आणि वाकल्याबरोबर त्याचा श्वास आम्हा दोघींना ऐकू आला. सरळ झाला, थांबला, पुन्हा वाकला. तिसऱ्यांदा वाकलाच नाही.

"हे बूट आखडलेत," तो म्हणाला.

"बरं. आता हलू नकोस," बोर्गहिल म्हणाली. तोवर मी हेलिकॉप्टर मागवलं होतं.

हृदय थकलं होतं, पाणी फुफ्फुसांपर्यंत चढलं होतं. आणखी दोन दिवस गेले असते तर, असं शहरातल्या इस्पितळाचे डॉक्टर मला म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत.

आता व्हिडिओवर मी प्रत्येकाला बूट घालायला लावते. दिवसाला वीस जोड मोजे बघते, त्यातले निम्मे भोकं पडलेले. वैताग येतो, पण बघते. स्वेरे तर घरी आल्यापासून न सांगताच फोन खाली ठेवतो.

काल घरी निघताना मी बाकड्यावर बसले होते. खिडकीतून आवाज आला, "डॉक्टर, महिनाभर बघतेय. उजवा बूट घालताना तुम्ही भिंत धरता."

"तसं काही नाही," मी म्हणाले.

तिनं पेन उचललं.