सतरावी जोडी आणि एकेचाळिसावी

तपासनीसाच्या घरात कानांची संख्या माणसांच्या संख्येशी कधीच जुळली नाही. राहणारी माणसे दोन, म्हणजे कान चार. परंतु पुढच्या खोलीतील लाकडी कपाटाच्या खणांत तारेच्या इअरफोनच्या एकशे त्रेसष्ट जोड्या मांडलेल्या होत्या. काही जुन्या टेपरेकॉर्डरबरोबर आलेल्या, काही विमानात कोणीतरी विसरलेल्या, काही भंगाराच्या ढिगातून उचलून आणलेल्या. प्रत्येकीची तार दोन बोटांवर वेटोळी करून बांधलेली आणि प्रत्येकीला चिठ्ठी लावलेली: कोठे मिळाली, केव्हा मिळाली, काय बिघडले होते. सर्वांत वरचा खण मात्र त्याने स्वतः बांधलेल्या जोड्यांचा होता. त्यांना नावे नव्हती, क्रमांक होते.

"मी हाक मारली तर ह्यांना ऐकू येत नाही," त्याची बायको शेजारणीला म्हणे, "आणि पगार घेतात तो लोकांचे कान तपासायचा!"

थट्टेचा भाग सोडला तर गोष्ट खरी होती. एका मोठ्या रुग्णालयाच्या कान-विभागात तो बावीस वर्षे श्रवणतपासनीस होता. रुग्णाला बंद, जाड दाराच्या खोलीत बसवायचे, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे, काचेच्या अलीकडून एकेक सूर सोडायचा आणि ऐकू आला की रुग्णाने हातातले बटण दाबायचे, असे ते काम. उजव्या कानासाठी कागदावर लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. दिवसाकाठी वीस माणसांचे गोल व फुल्या मांडून तो घरी येई, हात धुई आणि टेबलापाशी बसे. कोटाच्या बटणाएवढा स्पीकर प्लॅस्टिकच्या कवचात बसवायचा, केसाएवढ्या तारा सोल्डर करायच्या, मागच्या भोकावर कागदाची टिकली चिकटवायची, आवाज जाड वाटला तर टिकली टोचायची, बोचरा वाटला तर आत कापसाचा पुंजका ठेवायचा. एकेका जोडीला दोन-दोन महिने लागत.

असे वेडे त्या शहरात एकूण तेरा होते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ते फोटोवाल्याच्या स्टुडिओमागील खोलीत जमत. प्रत्येकाने आपली जोडी फिल्मच्या काळ्या डबीत घालून टेबलावर ठेवायची. प्रथम ऐकायचे ते कानसेनाने. कानसेन म्हणजे एक निवृत्त ध्वनिमुद्रक. तीस वर्षे त्याने वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केले होते आणि चाळीस वादकांत कोणाची तार सैल आहे हे तो डोळे मिटून सांगत असे. त्याचा शब्द झाल्यावर जोडी टेबलावर उघडून पाहायची नाही, हा तेथील दंडक होता. ज्या जोडीला तो पूर्ण गुण देई, तिच्या प्रती बनवणाऱ्याने इतर सर्वांसाठी करायच्या आणि पुढील बैठकीत त्यांनी ती मानाची जोडी घालून अर्धा तास एकत्र ऐकायचे, हा दुसरा.

सात वर्षांपूर्वी तपासनीसाने आपली सतरावी जोडी त्या टेबलावर ठेवली होती. ती त्याची सर्वांत उत्तम जोडी होती. इतरांच्या जोड्या गोधडी पांघरून गायल्यासारख्या वाजत. हिच्यात गायिकेने श्वास घेतलेलाही ऐकू येई. कानसेनाने ती कानांत घातली, कपाळाला आठी घातली आणि तो उभा राहिला.

"गाणारी मध्ये बसत नाही. उजव्या खांद्यावर जाऊन बसते. ह्यानं डावा उलटा जोडलाय!" तो म्हणाला. "अरे, तू लोकांचे कान तपासतोस ना? मग बरोबर आहे, लोकांचे तपासता तपासता स्वतःचे राहून गेले!"

खोली हसली. जोडी मग बाकीच्या अकरा जणांत हातोहात फिरली. दंतवैद्याने ऐकली, फोटोवाल्याने ऐकली, अकराही जणांनी ऐकली आणि अकराही जणांनी, "हो की, उलटाच आहे," असे म्हणून माना डोलावल्या.

डावा उलटा जोडला तर आवाज एका बाजूला सरकत नाही, तो पोकळ होतो, एवढे तरी तेथील प्रत्येकाला ठाऊक होते. तपासनीसाने तसे म्हणून पाहिले. पण हसण्यात ते बुडाले. मग त्याच्या हातून चूक झाली. त्याने घरी येऊन एकट्यानेच कवच उघडले. लाल तार लाल ठिपक्यावर होती, म्हणजे जोडणी सरळच होती. पुढच्या बैठकीत त्याने ती उघडी जोडी सर्वांसमोर धरली तेव्हा कानसेन शांतपणे म्हणाला, "घरी नेऊन सरळ केलीस आणि आता दाखवायला आणलीस होय?"

त्या दिवसापासून तो उलटेराव झाला. "या उलटेराव, बसा उलटेराव, चहा सरळ कपात देऊ का उलट्या?" सात वर्षे. तो एकदाही चिडला नाही, एकही बैठक चुकवली नाही. साप डूख धरतो म्हणतात. परंतु सापाला तारखा लक्षात राहत नसाव्यात. तपासनीसाला त्या रविवारी कोण कोणत्या खुर्चीवर बसून हसले होते, हेसुद्धा पाठ होते. त्याला हवे होते ते एकच: ज्या तोंडाने आणि ज्या खोलीत त्याला नाव ठेवले, त्याच तोंडाने व त्याच खोलीत ते परत घेतले जावे.

"अहो, सोडून द्या की आता," बायको म्हणे.

"सोडायला मी ते धरून ठेवलेलं नाही. जपून ठेवलंय."

आणि मग एका मंगळवारी कान-विभागाच्या बाकावर, हातात क्रमांकाची चिठ्ठी धरून, कानसेन बसलेला दिसला.

"अरे, उलटेराव! तुझ्याच हाती सापडलो म्हणायचं. डॉक्टर उगीच म्हणतात, एकदा तपासून घ्या."

तपासनीसाने त्याला खोलीत बसवले, दार लावले आणि सूर सोडण्यास आरंभ केला. उजवा कान वयाच्या मानाने ठीक होता. डाव्याची वेळ आली, सूर उंच होत गेले, आणि कानसेन एका ठरावीक लयीत बटण दाबू लागला. तपासनीसाने सूर सोडणे थांबवले. आत पूर्ण शांतता होती आणि कानसेन डोळे मिटून, मान हलवत, बटण दाबतच होता.

उंच सुरांना त्याचा डावा कान बहिरा होता. निळ्या फुल्या कागदावर जिन्यासारख्या खाली उतरत गेल्या. डॉक्टरांनी जुने टिपण काढले, त्यात डाव्या कानाची तक्रार आठ वर्षांपूर्वीच नोंदलेली होती.

तपासनीसाला क्षणात सारे उमगले. इतरांच्या मंद जोड्यांत उंच सूर मुळातच नव्हते, म्हणून कानसेनाला दोन कानांतला फरक कळत नव्हता. सतराव्या जोडीत ते सूर होते. ते उजव्या कानात पोहोचले, डाव्यात पोहोचले नाहीत, आणि गायिका उजव्या खांद्यावर जाऊन बसली. चांगली होती, एवढ्याच अपराधासाठी ती जोडी बदनाम झाली होती.

विभागाचा कागद खोलीबाहेर न्यायचा नाही, हा नियम होता. तपासनीसाने तो पाळला. कागद फाइलीत गेला, फाइल कपाटात गेली. परंतु फुल्या कोठे उतरल्या हे त्याच्या डोक्यात राहिले, आणि डोक्याला कुलूप घालण्याचा नियम कोणी केलेला नव्हता.

एकेचाळिसावी जोडी त्याने पाच आठवड्यांत बांधली. डाव्या कवचातून कापूस पूर्ण काढला, टिकली फाडली, पुढची जाळी मोठी केली, सर्वांत पातळ पडद्याचा स्पीकर निवडला. उजवीकडे तेच, थोडे हातचे राखून. कानसेनाच्या डाव्या कानाला जे कमी पडत होते, नेमके तेवढेच ह्या जोडीत अधिक होते. धडधाकट कानाला ती ऐकवत नसे. बायकोने एकदा लावून पाहिली आणि ओरडून ओढून काढली.

"इश्श! हे काय? पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं!"

"छान," तपासनीस म्हणाला. सात वर्षांत तो प्रथमच शीळ वाजवत होता.

त्याचा बेत सरळ होता. कानसेन वाखाणील, मग जोडी फिरेल, अकरा माणसे कान धरून किंचाळतील, आणि मग तो उभा राहून एकच वाक्य विचारील: "मग सतराव्या जोडीत उलटं काय होतं? तार, की कान?" ते वाक्य त्याने दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिले होते.

रविवारी कानसेनाने जोडी कानांत घातली. त्याची आठी उलगडली. त्याने डोळे मिटले आणि पुष्कळ वेळ उघडलेच नाहीत.

"मधोमध," तो हळूच म्हणाला. "अगदी मधोमध बसलीय गाणारी. उलटेराव, पूर्ण गुण! अरे, किती वर्षांनी असं ऐकलं मी!"

जोडी दंतवैद्याकडे गेली. त्याने ती घातली आणि त्याच्याच खुर्चीवर बसलेल्या रुग्णासारखा त्याचा जबडा आवळला गेला. डोळ्यांत पाणी आले. तपासनीस खुर्चीच्या कडेला सरकला. दंतवैद्याने कानसेनाकडे पाहिले.

"वा," तो म्हणाला. "काय स्पष्टता आहे!"

फोटोवाल्याने ऐकली. त्याचा एक डोळा आपोआप मिटला. "हे म्हणजे, काय सांगू, आरपार जातंय!"

अकराही जणांनी ऐकली, अकराही जण कळवळले आणि अकराही जणांनी माना डोलावल्या. ते घोटून ठेवलेले वाक्य तपासनीसाच्या तोंडातच राहिले. घरी येताना त्याला हळूहळू समजले की सात वर्षे आपण एकाच माणसावर दात धरून बसलो, ही गणितातील चूक होती. कानसेन निदान जे ऐकत होता तेच सांगत होता. सतरावी जोडी सरळ आहे हे ह्या अकरा जणांनी आपल्या धडधाकट कानांनी ऐकले होते, आणि ऐकूनही ते हसले होते.

"मग आता काय करणार?" बायकोने विचारले.

"दंडकाप्रमाणे सर्वांना मानाची जोडी करून द्यावी लागेल."

"तीच? खिळेवाली?"

"तीच. तंतोतंत."

जुळवाजुळव आधीच झालेली होती, म्हणून रात्री जागून त्याने महिन्याभरात अकरा जोड्या बांधल्या. एकीतही कापसाचा तंतू राहू दिला नाही. प्रत्येक जोडी स्वतः ऐकून, स्वतः दचकून, मगच डबीत घातली आणि ज्याची त्याला घरपोच दिली; मूळ जोडी कानसेनाला दिली.

पुढच्या बैठकीआधी चार दिवस कानसेन पुन्हा विभागात आला. ह्या वेळी चिठ्ठीवाचून.

"बायकोनं ती जोडी लावून बघितली," तो म्हणाला. "काढून फेकलीन. म्हणाली, कानात टाचणी टोचतंय कुणीतरी. मी म्हटलं, तुझे कान बिघडलेत. ती म्हणाली, माझे नाहीत. माझ्या कागदावरून बांधलीस ना?"

"कागद फाइलीत आहे. किल्ली डॉक्टरांकडे असते."

"कागदाचं विचारत नाही मी."

तपासनीसाने पेन्सिलीचे टोक पाहिले, ते ठीक होते, तरी त्याने ती पुन्हा तासली.

"सतराव्या जोडीचा डावा सरळ होता?" कानसेनाने विचारले.

"सात वर्षांपूर्वी मी तेच सांगत होतो."

काचेपलीकडची रिकामी खुर्ची दोघांनाही दिसत होती.

"तुला काय हवंय, बोल."

"रविवारी तुम्ही सांगायचं. उभं राहून. त्या दिवशी तुम्ही उभे राहिला होतात."

"आणि माझ्या कानाचं?"

"तुमचा कान तुमचा. त्याबद्दल मी कोणापाशी अवाक्षर काढणार नाही, तो आमचा नियम आहे. काढायचंच तर ते तुम्ही काढायचं."

"पक्का आहेस," कानसेन म्हणाला आणि गेला.

"सोनारानंच कान टोचलेले बरे," बायकोने ऐकून एवढेच म्हटले.

रविवारी बाकीचे सर्वजण मानाची जोडी घालून बसले. फोटोवाल्याने ध्वनिमुद्रण लावले. दंतवैद्याच्या कपाळावर घाम होता. दोघेजण हातरुमालाच्या निमित्ताने कान दाबून धरत होते. चौदा मिनिटे झाली तेव्हा कानसेन उभा राहिला. त्याने हात वर केला, आणि संगीत थांबले.

"सात वर्षांपूर्वी ह्याच्या सतराव्या जोडीचा डावा उलटा आहे असं मी म्हटलं. तो सरळ होता. माझा डावा कान उंच सुरांना बहिरा आहे, तेव्हाही होता. ही तुमच्या कानांतली जोडी मला गोड लागते, ती त्याच कारणानं. माझ्या घरच्यांनी ती दोन मिनिटंही कानांत ठेवली नाही." त्याने अकरा जणांवरून नजर फिरवली. "माझं कारण मी सांगितलं. तुमचं काय?"

दंतवैद्याने हळूच एका कानातली तार ओढली.

"मी म्हणणारच होतो," फोटोवाला पुटपुटला.

"सात वर्षांपूर्वीही म्हणणारच होतास काय?" कानसेनाने विचारले आणि तो खाली बसला.

मग सर्वांच्या माना तपासनीसाकडे वळल्या. त्याने हसून विषय संपवावा, चहा मागवावा, असे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. कोणीतरी "तपासनीससाहेब" असेही म्हणाले.

तपासनीसाने घड्याळ पाहिले.

"अर्धा तास झालेला नाही," तो म्हणाला. "दंडकाप्रमाणे अजून सोळा मिनिटं बाकी आहेत. बसा, मंडळी."

दंतवैद्याने तार पुन्हा कानात घातली. फोटोवाल्याने बटण दाबले. अकरा जबडे एकदम आवळले गेले. कानसेन डोळे मिटून, मान किंचित डावीकडे कलवून ऐकू लागला. तपासनीसाने खिशातून एक जुनी डबी काढली. झाकणावर १७ हा आकडा होता. ती जोडी त्याने कानांत घातली आणि मागे टेकून बसला. गाणारीने श्वास घेतला, तो त्याला स्पष्ट ऐकू आला. ती मधोमध बसली होती.

मधूनमधून तो घड्याळ पाहत होता; एखादे मिनिट कमी भरू नये म्हणून.