अक्कांच्या दमणीची पायरी

साक्रीहून आलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला होता. तेव्हा कोणीतरी गेले, हे वाचण्यापूर्वीच कळले. नाना सुतार गेले होते. जळगावातील कारखाना मुलाच्या हाती देऊन अखेरची वर्षे ते साक्रीला लेकीकडे राहत. त्या कार्डाला आता महिना उलटला. लिहिण्याची मला सवय नाही. पन्नाशीनंतर हे पहिलेच लेखन. परंतु एक गोष्ट त्यांच्या हयातीत चारचौघांत सांगावयास हवी होती, ती राहून गेली...

नाना बैलांच्या लहान दमण्या बांधीत. दोन माणसांपुरती बसावयाची साटी, वर कमानीचे छत. बसणाऱ्याच्या अंगाचे माप मिळाल्याखेरीज ते लाकडाला करवत लावीत नसत. माझ्या आईचा, जिला सारी आळी अक्का म्हणे, खुबा आखडला होता. साध्या गाडीत चढावयाचे तर तिला दोघांनी उचलावे लागे, आणि लोकांदेखत तसे उचलून घेणे तिला मरणप्राय वाटे. त्यामुळे नशिराबादला अंथरुणाला खिळलेल्या मावशीला ती दोन वर्षे भेटली नव्हती. मी नानांना दमणी बांधावयास सांगितले.

"भाऊ, अक्काना पाय कितला वर जास?" त्यांनी विचारले.

मी "उद्या सांगतो" म्हणालो. आमच्या घरी आईच्या पायाचा उल्लेख कोणी करीत नसे. तिला विचारणे म्हणजे ते उणेपण तिच्याच तोंडून वदविणे. मला धीर झाला नाही. मी खुर्चीशेजारी उभा राहून स्वतःचा पाय उचलला, त्यातून अंदाजाने चार बोटे वजा केली, आणि ते माप तिचे म्हणून दिले.

दमणी आली तेव्हा आळी गोळा झाली. नानांनी चाकांचा लोखंडी आस मध्यभागी खाली वाकवून घेतला होता, त्यामुळे साटी गुडघ्याइतकी खाली आलेली. मागे चढावयास पायरी, चढताना गाडी कलू नये म्हणून टेकू, बैठकीला नवार. आईने दांडा धरला, पाऊल उचलले. ते पायरीच्या कडेला लागून खाली आले. तिने पुन्हा उचलले, पुन्हा तेच. मग पदर सावरून ती म्हणाली, "आज नको," आणि आत निघून गेली.

"नाना, दमणी अक्कासाठी का उंटासाठी?" कोणीतरी ओरडले. लोक हसले. नानांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना उमगले होते, याविषयी मला आजही शंका नाही. ते म्हणाले, "माप मन्हं चुकनं." मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ते दारात उभे राहिले. "अक्का, धान्य निवडाले तुम्ही रोज कोठे बठतस?"

आईने ओटा दाखविला; खालच्या पायरीवर पाय ठेवून त्यावर ती रोज एकटीच चढे. नानांनी सुतळीने त्या पायरीची उंची घेतली आणि गाठ मारली. बस्, एवढेच. आईच्या पायाचे नावही निघाले नाही. हे इतके सोपे होते...

सारे पुन्हा बांधावयास पंधरा दिवस गेले. त्याच पंधरवड्यात मावशीची वाचा गेली. आई नशिराबादला स्वतःच्या पायांनी उतरली, कोणाचा हात न घेता. दोघी बहिणी दुपारभर हातात हात घालून बसल्या. बोलली एकटी आईच. परत येताना तिने मला एवढेच विचारले, "नाना तर असे कधी चुकत नाहीत ना रे?" मी बैलांकडे पाहत राहिलो.

पुढे कितीतरी वर्षे आळीत कोणाची चौकट तिरपी झाली, की "नानाचं माप का?" असे विचारून लोक हसत. मीही तेथे असे. गेल्या वर्षी साक्रीला भेटलो तेव्हा मी विषय काढला. नाना खाटेवर पडून होते. म्हणाले, "भाऊ, ते लाकूड जुनं व्हयनं. आते त्याले रंधा नका मारू."

आई जाऊनही बराच काळ लोटला. दमणी गोठ्यात आहे, बैल नाहीत. छताच्या कमानीला ती गाठीची सुतळी नानांनीच बांधून ठेवली होती. परवा दमणीजवळ गेलो. अलीकडे माझेही गुडघे धरतात. पायरीवर पाय ठेवला, तो सहज पोहोचला. आत बराच वेळ बसून राहिलो.

पहिले माप नानांचे नव्हते. ते मी दिले होते.