मंदाचं सुतारकाम

मंदाला घ्यायला मी बडनेऱ्याच्या स्टेशनवर गेलो होतो. आठ दिवस भावाकडे अकोल्याला राहून ती सकाळच्या गाडीनं परत येणार होती. गाडीत बसल्यावर फोन करायची तिला सवय नव्हती, त्यामुळे फोन आला नाही याचं मला काही वाटलं नाही. गाडी यायला वीसेक मिनिटं असतील, तेव्हा तिच्या भावाचा, दिलीपचा फोन आला. "भाऊजी, तुमी कुठं हा?" मी म्हटलं, "स्टेशनवर. बसवलं का तिला गाडीत?" त्यानं आधी मला बाकावर बसायला सांगितलं. मग म्हणाला, "ताई उठूनच नाई राह्यली, भाऊजी... डॉक्टर येऊन पाहून गेले." पलीकडच्या फलाटावर अकोल्याकडे जाणारी गाडी लागत होती. मी तिच्यात चढलो. तिकीट काढलं होतं की नाही, आठवत नाही. माझी स्कूटर पुढचे तीन दिवस स्टेशनबाहेर उभी होती. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

मंदा मळेकऱ्याची मुलगी. अकोल्याजवळ तिच्या वडिलांचा भाजीचा मळा होता. वाफ्यांना पाणी सोडणं, मेथीच्या जुड्या बांधणं, वांगी तोडणं यातच ती वाढली. मी अमरावतीचा, इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घेतलेला. लग्नानंतर वर्षभरात मला मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी तिला तिकडे घेऊन गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. मी सकाळी सहाला जायचो तो संध्याकाळी यायचो. तिनं कुंड्यांमध्ये मेथी लावून पाहिली, ती उन्हानं करपली. "मले इथं हातानं कराले काहीच नाही," ती एकदा म्हणाली. मी टीव्ही आणून दिला. आपण बायकोची अडचण दूर केली असं मला तेव्हा खरोखर वाटलं होतं.

आमच्या इमारतीच्या तळाला नूरभाई नावाच्या कच्छी सुताराचं दुकान होतं. आमच्या कपाटाचं दार लागत नव्हतं म्हणून ती त्यांना बोलवायला गेली आणि त्यांचं काम बघत तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी परत गेली. नूरभाईंनी सांगितलं, बहन, ये औरतों का काम नहीं. ती म्हणाली, "मत सिखाओ ना. देखने का तो पैसा नहीं लगता." पंधरा दिवस ती नुसती बघत बसली. त्यानंतर एका दुपारी नूरभाई नमाजाला गेले असताना तिनं त्यांची अर्धवट राहिलेली फळी रंधा मारून गुळगुळीत करून ठेवली. परत आल्यावर त्यांनी फळीवरून बोट फिरवलं आणि दुसरी फळी तिच्यापुढे सरकवली. हे मला नूरभाईंनीच पुढे सांगितलं. तिनं मला एवढंच सांगितलं होतं की कपाटाचं दार आता लागतं.

मग घरात रंधा आला, करवत आली, लाकूड कोरायच्या दोन पटाश्या आल्या. बंदरावरच्या खोक्यांच्या फळ्या आणून ती बाल्कनीत काम करायची. आधी चपलांची मांडणी केली, मग देवघर, आणि दोन वर्षांनी जेवणाचं टेबल. त्याचा एकही सांधा खिळ्याचा नव्हता. माझ्या डब्यातल्या पोळीत कधी कधी भुसा निघायचा. कारखान्यातले सहकारी विचारायचे, तर मी विषय बदलायचो. बायको सुतारकाम करते हे सांगायची मला लाज वाटायची. आज हे लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते, पण होती ती होती.

एकदा माझे साहेब सपत्नीक जेवायला आले. साहेबांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, कुठून घेतलं? मी म्हटलं, "बाजारातून." मंदा हातात वरणाचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळ्यांना वाढलं, पाहुण्यांशी नीट बोलली. ते गेल्यावर टेबल पुसता पुसता म्हणाली, "कोन्या दुकानातून आनलं म्हणून सांगतलं?" मी म्हटलं, "अगं, सहज निघून गेलं तोंडातून." तिनं फडकं पिळलं आणि दोरीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी हत्यारं गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली सरकवली.

भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशी बोलत होती, स्वयंपाक करत होती, शुक्रवारी समुद्रावर फिरायलाही येत होती. फक्त बाल्कनी स्वच्छ असायची. तीन महिने मी त्या स्वच्छ बाल्कनीकडे बघत चहा प्यायलो. मग एक दिवस कारखान्यात नवीन पंप आला, त्याचं खोकं जाड फळ्यांचं होतं. मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, हे लाकूड मला हवंय, माझी बायको सुतारकाम करते, तुम्ही जेवलात ते टेबल तिनंच केलेलं आहे. साहेब हसले नाहीत. "मग तुम्ही बाजार का म्हणालात?" एवढंच त्यांनी विचारलं. त्या फळ्या मी खांद्यावर घेऊन तीन जिने चढलो, तिच्यापुढे ठेवल्या आणि साहेबांशी झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिनं फळीवर नख रोवून पाहिलं. "ओलं हाये," ती म्हणाली, "वाळू द्या आधी." आठवड्यानं पलंगाखालचं गोणपाट बाहेर आलं.

आम्हाला मूल झालं नाही. गावी आलो की कुणीतरी म्हणायचंच, मूल नाही म्हणून बिचारीनं मन रमवलं. अकोल्याला एका लग्नात तिच्या आत्यानं तिच्या तोंडावर हे म्हटलं, तेव्हा मंदा म्हणाली, "पोरगं असतं तं त्याच्यासाठी पाळणा केला असता, आत्या. सुतारकाम तं केलंच असतं मी." आत्या पुन्हा त्या विषयाकडे वळल्या नाहीत.

एकोणीस वर्षांनी परतलो तेव्हा टेबल, देवघर, सगळं शेजाऱ्यांना वाटून टाकलं. आणली फक्त हत्यारं. त्यांचंच वजन इतकं झालं की माझे कपडे मागे राहिले. अमरावतीच्या घरात मागची खोली तिची झाली. गल्लीतल्या बायका तुटलेलं काहीबाही घेऊन यायच्या, चहा व्हायचा, वस्तू दुरुस्त व्हायची. मी दारात उभा राहून "काही धरू का?" विचारायचो. ती म्हणायची, "धरा, पण हालू नका." निवृत्तीनंतरचं आमचं बरंचसं बोलणं असंच झालं.

तेरावं झाल्यावर शेजारच्या कुसुमवहिनी तीनदा आल्या. पहिल्यांदा नळाच्या पाण्याबद्दल बोलल्या, दुसऱ्यांदा माझ्या तब्येतीबद्दल. तिसऱ्यांदा पदराशी चाळा करत म्हणाल्या, "भाऊ, बोलावं का नाई समजून नाई राह्यलं... माहा पोळपाट मंदाताईपाशी होता. पाय निघाला होता त्याचा. महिनाभरापासून मी ओट्यावरच लाटून राह्यली."

मागची खोली मी तोवर उघडली नव्हती. पोळपाट तिच्या बाकावर उलटा पडला होता, नवा पाय सरसानं चिकटवून लोखंडी शिकंज्यात दाबून धरलेला. अकोल्याहून येऊन काढू, असं म्हणून गेली असणार. शिकंज्याचा दांडा मी आधी उलट्या बाजूनं फिरवला, तो आणखी आवळला गेला. मग दुसऱ्या बाजूनं फिरवला. बाहेर ओघळलेला सरस तिनं जाण्याआधीच पुसून घेतला होता, सांध्यावर डागसुद्धा नव्हता.

कुसुमवहिनींनी पोळपाट जमिनीवर ठेवला आणि उकिडवं बसून दोन्ही तळव्यांनी चारी बाजूंनी दाबून पाहिला. "नाई हालून राह्यला," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसले, पोळपाट काखेत घेतला आणि गेल्या.

संध्याकाळी कुसुमवहिनी ताटलीत चार पोळ्या घेऊन आल्या. गरम होत्या. दोन मी तेव्हाच खाल्ल्या, दोन सकाळसाठी ठेवल्या.